सिनेमातला नवरा कधी विश्वास ठेवतो? आम्हा दोघांचे हॉरर रिव्ह्यू, नागपूरहून

पहिले सांगून टाकते, आमच्या घरी हॉरर सिनेमाला मार्क द्यायची पद्धत जरा वेगळी आहे. भूत कसं दिसलं, रक्त किती सांडलं, शेवट समजला का, हे सगळं नंतर. आधी हे पाहायचं की सिनेमातल्या नवऱ्याला बायकोचं म्हणणं पटायला किती वेळ लागला. कारण नीट पाहिलं तर बहुतेक भुताच्या सिनेमांची स्टोरी तीच असते, नवीन घर, बायकोला काहीतरी दिसतं, नवरा म्हणतो तुला भास झाला, तू थकली आहेस, झोप होत नाहीये तुझी, आणि इंटरव्हलपर्यंत ती बिचारी एकटीच सगळं निस्तरत बसते. भूत तिला नंतर छळतं, आधी नवराच छळतो. याला आम्ही विश्वासाचा काटा म्हणतो आणि तो जितका उशिरा हलतो तितकी मला भीती जास्त वाटते आणि आमच्या यांना राग जास्त येतो.

आमचे हे म्हणजे इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर, त्यामुळे यांच्यासोबत हॉरर पाहणं ही एक वेगळीच शिक्षा आहे. सिनेमात बल्ब लुकलुकायला लागला की मी उशी छातीशी धरते आणि हे शांतपणे सांगतात, "न्यूट्रल लूज आहे त्यांचा." तळघरात एकच पिवळा बल्ब वायरीला लटकलेला दिसला की भूत गेलं बाजूला, "अशी वायरिंग ठेवली तर भुताच्या आधी शॉकनंच मरतीन ना बे." पण याचा एक फायदा आहे, जो सीन यांचं तोंड बंद करतो तो खरंच भारी असतो. दुसरा नियम असा की जो आधी ओरडेल त्यानं सिनेमा संपल्यावर गच्चीवर जाऊन टाकी भरली का ते पाहून यायचं. नुसतं दचकणं धरत नाही, आवाज निघाला पाहिजे.

आता मुख्य अडचण, कूलर. नागपुरात मार्च संपला की खिडकीत डेझर्ट कूलर बसतो तो थेट पावसाळ्यापर्यंत, आणि हॉरर सिनेमाचा जीव असतो आवाजात. दरवाजा करकरतो, कोणीतरी श्वास घेतं, लांबून पोरगी गुणगुणते, आणि आमच्याकडे याच्यावर कूलरचा घों घों आणि पंपाची खरखर. आवाज वाढवावा तर जंप स्केअर, म्हणजे एकदम दचकवणारा सीन, आला की पूर्ण गल्ली उठते आणि बाजूच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज येतो, "कायचं भूतखेत पाहून राहिले रे रात्रभर, लाइट बिल कोण भरते?" सबटायटल लावून पाहायची सवय लागली ती यामुळेच. खरं सांगायचं तर हॉररचा सीझन आमच्याकडे जुलैपासून सुरू व्हायला पाहिजे, पण सुट्ट्या असतात मेमध्ये, काय करता.

चला सिनेमांकडे. 'भूत', 2003 चा, रामगोपाल वर्माचा. आता पुन्हा पाहिला आणि माझं मत आहे की नवरा-बायकोनं मिळून पाहायला हिंदीत याच्यापेक्षा चांगला भूतपट नाही. उर्मिला मातोंडकर आणि अजय देवगण, मुंबईतला उंचावरचा फ्लॅट, एकही गाणं नाही, आणि सलीम-सुलेमानचं बॅकग्राऊंड म्युझिक जे कूलरलाही पुरून उरतं. यातली मेख अशी की त्या फ्लॅटमध्ये आधी राहणारी बाई मेली हे नवऱ्याला सुरुवातीपासून माहीत असतं आणि तो बायकोला सांगतच नाही. का, तर फ्लॅट आवडला. बस, तिथेच आमच्या घरात पिक्चर पॉज झाला. हे म्हणाले की त्यानं ती घाबरू नये म्हणून नाही सांगितलं, मी म्हटलं अहो घर दोघांचं आहे ना, मग मेलेली बाई एकट्याचीच काहून? यावर यांच्याकडे उत्तर नव्हतं. पुढे त्याला विश्वास ठेवायला जो उशीर होतो तो मूर्खपणामुळे नाही, मान्य केलं तर आपण लपवलं होतं हेही मान्य करावं लागेल म्हणून. हे मला फार खरं वाटलं. उर्मिलाचा अभिनय तर असा की मेकअप नाही, पांढरी साडी नाही, नुसती मान वळवून बघते तरी पोटात गोळा येतो. शेवटाकडे तांत्रिक रेखा, इन्स्पेक्टर नाना पाटेकर असं सगळं सुरू झालं की थोडं सैल पडतं, नाना मजेदार आहे पण भीती कमी होते. दहापैकी माझे 8, यांचे 8. हे एकमत आमच्याकडे दुर्मिळ आहे, लिहून ठेवते.

'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' (2007) च्या वेळी मात्र जुंपली. हा सिनेमा ओरेन पेली नावाच्या माणसानं स्वतःच्याच घरात शूट केला, खर्च म्हणे जेमतेम 15 हजार डॉलर, आणि अर्ध्याहून जास्त भीती कुठे आहे तर पलंगासमोर ट्रायपॉडवर ठेवलेल्या एका कॅमेऱ्यात. जोडपं झोपलेलं, कोपऱ्यात घड्याळाचे आकडे पळताहेत, पळता पळता एकदम नॉर्मल स्पीडला येतात आणि तुम्हाला कळतं की आता काहीतरी होणार. होतं काय, तर दरवाजा बोटभर सरकतो. इतकंच. आणि मी ओरडले आणि टाकी माझ्या गळ्यात पडली. यातला नवरा, म्हणजे लग्न झालेलं नाही त्यांचं पण राहतात सोबत, तो विश्वास ठेवतो हो पहिल्यापासून, पण त्याला वाटतं की कॅमेरा आणला म्हणजे आपण सगळं सांभाळून घेऊ. ती सांगते चिडवू नको त्याला, जाणकार माणूस येऊन सांगून जातो की डिवचू नका, आणि हा नेमकं डिवचतो, जमिनीवर पावडर पसरतो पावलं उमटतात का पाहायला. मी म्हटलं हा तुमच्यासारखाच आहे, प्रत्येक गोष्टीत टेस्टर लावून पाहायचं. यांना हे लागलं. यांचे 5, कारण "लाइट चालू ठेवून झोपायला काय झालं होतं?" माझे 8. लाइटचा मुद्दा बरोबर आहे तसा, पण मग सिनेमा दहा मिनिटांत संपला असता.

'द कॉन्ज्युरिंग' (2013) सगळ्यांनी पाहिलाय त्यामुळे स्टोरी सांगत नाही, 1971 मध्ये ऱ्होड आयलंडच्या जुन्या घरात पाच पोरींना घेऊन राहायला आलेलं कुटुंब, घड्याळं 3 वाजून 7 मिनिटांनी बंद पडतात, आणि तो टाळीचा खेळ. टाळीच्या सीनला आमच्या काट्यानुसार काहीच किंमत नाही, पण माणूस म्हणून सांगते, तळघरात काडी पेटवल्यावर बाजूलाच टाळी वाजते तेव्हा हे ओरडले. मोठ्यानं. इथे वेगळं काय, तर दुसरं एक जोडपं आहे, एड आणि लॉरेन वॉरेन, खरोखरचं, भुतांच्या केस घेणारं, आणि ते एकमेकांवर आधीपासूनच विश्वास ठेवून आहेत. तिला दिसतं, तो म्हणतो बरं, आता काय करायचं ते सांग. खऱ्या आयुष्यात वॉरेन जोडप्याच्या दाव्यांवर शंका घेणारे खूप लोक होते आणि ते बरोबरच आहे, मलाही त्यातलं फार काही पटत नाही, पण सिनेमातला संसार म्हणून ही जोडी झकास जमलीय. दुसऱ्या भागात तर एड झालेला पॅट्रिक विल्सन गिटार घेऊन पोरांना गाणं म्हणून दाखवतो, हॉररमध्ये इतका गोड सीन मी पाहिला नव्हता. यांची तक्रार एकच. वॉरेन लोक झपाटलेल्या बाहुल्या आणि सामान आपल्याच घरातल्या खोलीत कुलूप लावून ठेवतात. "आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत वाजतगाजत नेऊन जाळून टाकतात, इडा पीडा घेऊन जा गे मारबत म्हणून मोकळे. आन हे येडे घरात म्युझियम करून राहिले, पोरगी बाजूच्या खोलीत झोपलीय!" मुद्दा बिनतोड होता म्हणून मी गप्प बसले. माझे 8, यांचे 7, एक मार्क बाहुलीचा कापला.

'रोझमेरीज बेबी' 1968 चा आहे, पन्नास वर्षं उलटून गेली म्हणून स्पॉयलर लपवत नाही. इथे काटा हलतच नाही कारण नवरा स्वतःच सामील आहे. नवऱ्याला नाटकात चांगला रोल पाहिजे आणि त्यासाठी तो बायकोचं पोट शेजाऱ्यांच्या ताब्यात देतो. अख्ख्या सिनेमात भूत म्हणाल तर जवळजवळ दिसतच नाही, दिसतात ती गोडगोड म्हातारी शेजारीण, वाटीतलं चॉकलेट मूस ज्याला खडूसारखी चव लागते, आणि "खाऊन घे ना, वाईट दिसतं" म्हणणारा नवरा. गरोदर बाईला जो तो येऊन हे खा ते पी सांगतो, ते मी भोगलंय, त्यामुळे मला हा सिनेमा नुसता पाहताना घाम फुटला. हे मात्र मध्येच झोपले. माझे 9, यांचे मार्क धरत नाही.

मराठीत याच जातीचा म्हणजे 'लपाछपी' (2017), विशाल फुरियाचा. आठ महिन्यांची गरोदर बायको, पैशाच्या भानगडीत अडकलेला नवरा, आणि उसाच्या फडामध्ये एक घर. पूजा सावंत यात इतकी चांगली आहे की तिला अशा भूमिका अजून का मिळाल्या नाहीत कळत नाही, आणि उषा नाईक! ती बाई जेवायला वाढते तरी धाक वाटतो. मला याच्यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटली ती ऊन. अंधार, वीज, पाऊस याच्या भरवशावर न राहता भर दुपारी भीती दाखवलीय. आमच्या इकडे ऊस कमी, कापूस आणि तूर जास्त, आणि तुरीत शिरलेला माणूस लांबून दिसतो तरी, उसात शिरला की गेलाच. पानं अंगाला कापतात, सगळ्या बाजू सारख्याच, हाक मारली तर कुठून आली कळत नाही. विदर्भातल्या दुपारी ज्यांनी शेतात काढल्यात त्यांना कळेल की बारा ते तीनमध्ये सगळं गाव झोपलेलं असताना जी सुनसान असते ती रात्रीपेक्षा वाईट. नवऱ्याबद्दल काही सांगत नाही, फक्त इतकं की आमच्या हॉलमध्ये रिमोट फेकला गेला आणि तो मी नाही फेकला. मुलगी नको म्हणून जे काही आपल्याकडे झालं त्याच्यावरच सिनेमा आहे, पण भाषण फार कमी आहे, थोडंसं शेवटी आहे ते मला जड वाटलं. हिंदीत याचाच 2021 मध्ये 'छोरी' झाला, त्याच दिग्दर्शकाचा, नुसरत भरुचासोबत. तो गुळगुळीत आहे, फोटोग्राफी जास्त छान, पण मराठी आधी पाहा. माझे 8, यांचे 9. हो, यांचे जास्त.

आता 'अ क्वाएट प्लेस' (2018), इथे कूलरचा विषय परत काढावा लागतो, इलाज नाही. आवाज केला की राक्षस येऊन खातो अशा जगातलं एक कुटुंब. अनवाणी चालतात, वाटेवर रेती टाकलीय, हातांनी बोलतात. जॉन क्रॅसिन्स्की दिग्दर्शकही आहे आणि नवराही, सिनेमातही आणि खऱ्यातही, बायको एमिली ब्लंट. मोठी मुलगी ऐकू न येणारी दाखवलीय आणि ती करणारी मिलिसंट सिमंड्ससुद्धा खरोखर बहिरी आहे. सिनेमा दीड तासाचा आणि त्यात जवळपास सगळी शांतता, म्हणजे कूलर चालू ठेवून पाहणं म्हणजे पैसे पाण्यात. मग भर मेमध्ये रात्री कूलर बंद केला. नागपूरकरांना सांगायला नको याचा अर्थ काय. घाम कानामागून मानेवर, पंखासुद्धा एकवर, आणि समोर बाळंतपणाच्या कळा येताहेत बाईला आणि तिला ओरडता येत नाही, पायात खिळा घुसलाय, तोंड दाबून उभी आहे. मी फल्लीदाणे तोंडात धरून बसले होते, चावायची हिंमत होईना. विश्वासाचा प्रश्नच नाही इथे, दोघं न बोलता एकमेकांचं काम ओळखतात, नुसत्या डोळ्यांवर घर चालवतात. एका सीनमध्ये दोघं एकाच इयरफोनवर गाणं ऐकत हळूहळू नाचतात. हे म्हणाले बघ, बोलणं बंद केलं तर संसार किती चांगला होतो. याचे यांना दोन दिवस परिणाम भोगावे लागले. माझे 9, यांचे 8. पिक्चर मस्त आहे, फक्त हिवाळ्यात पाहा.

'तुंबाड' मात्र घरी पाहू नका, थेटरात मिळाला तर सोडू नका. 2018 मध्ये आला तेव्हा आमच्या लक्षातच आला नाही, सप्टेंबर 2024 ला पुन्हा रिलीज झाला आणि पहिल्यापेक्षा जास्त चालला, तेव्हा आम्ही बर्डीवर जाऊन पाहिला. मागच्या रांगेतली पोट्टी सुरुवातीला मोबाइलवर रील पाहून राहिली होती, आजीचा सीन आला आणि एकदम गपगार झाली. त्या आजीचं काम मोहम्मद समद नावाच्या पोरानं केलंय, तोच पुढे सिनेमातल्या नायकाचा, विनायकचा, मुलगा पांडुरंगसुद्धा होतो, हे मी घरी येऊन सांगितलं तर यांना खरं वाटेना. शूटिंग 2012 ला सुरू झालं, बराच भाग नंतर पुन्हा शूट केला, आणि तो पाऊस, तो सतत पडणारा पाऊस, थेटरात बसून ओलं झाल्यासारखं वाटतं. आपल्या भागासाठी एक खास गोष्ट, दिग्दर्शक राही अनिल बर्वेला ही कल्पना सुचली ती नारायण धारपांच्या एका कथेवरून, आणि ती कथा त्याला मित्रानं सांगितली होती 1993 मध्ये, आपल्या नागझिऱ्याच्या जंगलात. म्हणजे आपण नागझिऱ्याला जाऊन बिबट्या नाही दिसला म्हणून गाइडवर चिडून परत येतो आणि तिथूनच कोणी हस्तर, म्हणजे सिनेमातला तो राक्षस, घेऊन गेला. आमच्या काट्यावर हा सिनेमा बसत नाही, कारण इथे नवरा बायकोला काही सांगतच नाही, नुसती मोहरा आणून देतो. अनिता दाते बायको झालीय, काम थोडं पण नजर जबरदस्त, तिला सगळं कळतंय की पैसा कुठूनतरी वाईट ठिकाणाहून येतोय आणि ती विचारत नाही. घरी येताना रस्त्यात हे म्हणाले की भुतापेक्षा तो घरात येऊन मोहरा मोजतो ना ते बेकार वाटलं. यांच्या तोंडून वायरिंग सोडून दुसरं काही निघालं म्हणून मी एक मार्क वाढवला. माझे 10, यांचे 9.

हॉरर कॉमेडी आम्ही या यादीत धरत नाही, 'मुंज्या' सासूबाईंसकट पाहिला, त्यांना कोकणातला समुद्र आवडला, बस. 'हेरेडिटरी'बद्दल फक्त इतकंच की गाडीतल्या सीननंतर मी बंद करायला लावला होता, दुसऱ्या दिवशी उजेडात उरलेला पाहिला. त्यातला नवरा शेवटपर्यंत बायकोला आजारी समजतो आणि मला तरी त्याची दया आली, यांना नाही आली. माझे 9, यांचे 4, आणि हे भांडण अजून मिटलेलं नाही.

शेवटचा 'गहराई', 1980. हा फार कमी लोकांनी पाहिलाय आणि खरं तर आमच्या पद्धतीला सगळ्यात जास्त शोभतो, कारण दिग्दर्शनच नवरा-बायकोचं आहे, अरुणा राजे आणि विकास देसाई, अरुणा-विकास नावानं दोघं मिळून करायचे, पुढे वेगळे झाले. लिखाणात विजय तेंडुलकर. बाप आहेत श्रीराम लागू, पोरगी पद्मिनी कोल्हापुरे, भाऊ अनंत नाग, आणि अमरीश पुरी मांत्रिक. पोरीच्या अंगात काहीतरी येतं आणि बाप मानायला तयार नाही, आणि ते डॉक्टर लागूंनी केलंय ज्यांनी खऱ्या आयुष्यात अंधश्रद्धेच्या विरोधात जाहीर भूमिका घेतली होती. त्यामुळे तो न मानणारा बाप मूर्ख वाटत नाही, शहाणा वाटतो, आणि शहाणा माणूस हळूहळू कोपऱ्यात ढकलला जातो ते पाहणं जड जातं. आमचे हे पहिल्यांदाच न मानणाऱ्याच्या बाजूनं सोफ्याच्या टोकावर सरकून बसले होते. पद्मिनीचे एकदोन सीन आजच्या नजरेनं खटकतात, इतक्या लहान पोरीकडून ते करून घ्यायला नको होतं असं आम्हा दोघांचंही मत. पण इफेक्ट वगैरे काही नसताना नुसत्या आवाजावर आणि चेहऱ्यांवर जे केलंय ते आजच्या कॉम्प्युटरवाल्या भुतांना जमत नाही. माझे 8, यांचे 8. आम्हाला मिळालेली प्रिंट इतकी खराब होती की रात्रीच्या सीनमध्ये कोण कुठे उभं आहे तेच दिसत नव्हतं, कोणाला साफ कॉपी कुठे दिसली असेल तर सांगा, यांना पुन्हा पाहायचाय आणि यावेळी सासूबाईपण बसतो म्हणून राहिल्या.